हीटपंप आणि बाळंतिणीचं पाणी

माझी आई अमरावतीहून माझ्या बाळंतपणासाठी आयर्लंडात लिमरिकला आली, आणि घरात पाऊल टाकल्या टाकल्या तिनं पहिली गोष्ट काय केली असेल, तर हॉलमधल्या रेडिएटरला हात लावला. मग दुसरा हात लावून पाहिला. मग माझ्या नवऱ्याकडे वळून म्हणाली, "हा बंद हाये का, जावईबापू?"

"नाही आई, चालू आहे."

"चालू हाये? याच्याहून गरम तर आपल्या टीव्हीची पाठ राहते!"

नवरा खो खो हसला. मी नाही हसले. कारण ते यंत्र माझं होतं. म्हणजे घर दोघांचं, कर्ज दोघांचं, पण हीटपंप माझा. त्याच्यासाठी मी घरात आणि ऑफिसात इतकी भांडले होते, की त्याला कुणी काही बोललं तर मला माझ्या माहेराला बोलल्यासारखं लागायचं.

आमचं घर जुनं आहे. आधी तिथं एक म्हातारी बाई राहायची, ती गेल्यावर तिच्या मुलांनी विकायला काढलं. बैठ्या खोलीत शेकोटीची जागा, मागच्या अंगणात रॉकेलची टाकी, खिडक्यांच्या फटींतून वारा शिट्ट्या मारतोय. नवऱ्याचं म्हणणं होतं, नवीन फ्लॅट बघू. मला मात्र त्या घरामागचं सफरचंदाचं झाड बघताक्षणी आवडलं, आणि मला एखादी गोष्ट आवडली की मग देवसुद्धा मला समजावू शकत नाही. भिंतींना आतून बाहेरून गोधड्या घातल्यासारखं अस्तर घातलं, खिडक्या बदलल्या, रॉकेलचा बॉयलर काढला, चिमणी बुजवली आणि बाहेर भिंतीशी हा हीटपंप बसवला. आपल्या एसीच्या बाहेरच्या डब्यासारखाच दिसतो, फक्त काम उलटं करतो. बाहेरच्या गार हवेत जी काही थोडीफार ऊब असते ती ओढून घेतो आणि घरातलं पाणी तापवतो. तेच पाणी रेडिएटरमध्ये फिरतं. ऑफिसातला एक जण म्हणाला होता, जुन्या घरात हीटपंप म्हणजे चाळणीत पाणी भरणं. मी त्याला म्हटलं, चाळणीची भोकं बुजवली की तिचं पातेलं होतं. आणि खरंच, तो पहिला हिवाळा आम्ही मजेत काढला. हीटपंपाला फक्त एक गोष्ट खपत नाही, ती म्हणजे घाई. तो दिवसभर मंद आचेवर शिजणाऱ्या वरणासारखा चालतो. रेडिएटर कोमट असतात, पण सतत असतात, आणि घर आपोआप उबदार राहतं. आपण विसरून जायचं.

पण आई विसरणार होती थोडीच!

बाळ तारखेच्या बरंच आधी आलं, ऐन डिसेंबरात. लहानखुरं, मुठीएवढं तोंड, हातापायांच्या नुसत्या काड्या. हॉस्पिटलातून घरी सोडताना सगळे म्हणाले, ग्रँड आहे बाळ, अगदी ग्रँड. इथे ग्रँड म्हणजे ठीक, चाललंय. आईला तो शब्द मोठा वाटला आणि तिच्या जिवात जीव आला. मला खरा अर्थ माहीत होता, म्हणून मी गप्प बसले. बाळाचं वजन वाढायला हवं होतं, दुसरं काही नाही. आणि वजन वाढायचं तर पोटभर दूध हवं आणि अंगाला ऊब हवी, कारण एवढ्याशा जिवानं सगळी ताकद स्वतःला गरम ठेवण्यातच घालवली तर तो वाढणार कशानं? हे मला डॉक्टरनी सांगितलं. आईला कुणी सांगायची गरज नव्हती.

"शेगडी कुठं ठेवू?" तिनं पहिल्याच सकाळी विचारलं.

"आई, इथे शेगडी नसते."

"मग ही चूल?" तिनं बैठ्या खोलीतल्या शेकोटीच्या जागेकडे बोट दाखवलं. तिथं आता मी कुंडी ठेवली होती.

"ती बुजवली."

"बुजवली?" आई माझ्याकडे बघतच राहिली. "घरात लेकरू येणार म्हणून लोक चूल पेटवतात, आन् तू बुजवली? तुले शिकवून मी चूक केली का काय!"

मी तिला समजावलं की उघड्या चिमणीतून सगळी ऊब आभाळात जाते, कोळशाचा धूर बाळाच्या छातीला वाईट, आणि बाळाची खोली फार तापवायचीही नसते, असं हॉस्पिटलातल्या नर्सनंच सांगितलंय. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बरं. शेक नाही तर नाही. पण पाणी मी माझ्या पद्धतीनं घालीन. त्यात मधे बोलायचं नाही."

त्यात मला कशाला मधे बोलायचं होतं! बाळंतिणीची आंघोळ हे जगातलं सगळ्यात मोठं सुख आहे, असं माझं प्रामाणिक मत आहे. आईनं बाथटबमध्ये प्लास्टिकचं स्टूल ठेवलं. शॉवर तिला पसंत पडला नाही. "हे काय, झारीनं झाडाला पाणी घातल्यावानी," म्हणाली. सकाळी उठल्याबरोबर तिळाचं तेल कोमट करून ती माझी पाठ, कंबर, पोटऱ्या रगडून काढायची. तिच्या अंगठ्यात कुठून इतका जोर यायचा देव जाणे. मग बादलीवर बादली. मागून धार सोडायची, खांद्यांवर, मग नेमकी कमरेच्या दुखऱ्या जागी. मी डोळे मिटून बसायची आणि वाटायचं, आता कुणी मला इथून उठवू नये.

पाणी तिला कडकडीत हवं असायचं. आमच्या टाकीतलं पाणी तेवढं कडकडीत नसतंच. हीटपंप ते हाताला छान गरम लागेल इतपत तापवतो, उकळत नाही. म्हणून आई त्यात गार पाण्याचा थेंबही मिसळायची नाही. माझं झालं की तिथेच बाळाला पायांवर घेऊन त्याला न्हाऊ घालायची. मग बाळाचं तोंड लाल, माझं लाल, आणि दोघंही गुंडाळून पलंगावर. किती छान चाललं होतं!

पण घर गार पडायला लागलं.

आधी वाटलं, थंडी वाढली असेल. मग लक्षात आलं की संध्याकाळी बरं असतं, सकाळी मात्र न्हाऊन खोलीत आलं की अंगावर काटा येतो. बाळ नुकतं पुसलेलं, मऊ झालेलं, आणि खोली दर सकाळी अशी की श्वासाची वाफ तेवढी दिसायची बाकी. आई त्याला कुंची, झबलं, त्यावर दोन दुपटी गुंडाळायची, नर्सनं सांगितलेलं असूनही, आणि मीही तिला अडवेनाशी झाले. माझेच हात गार पडलेले असायचे.

नवऱ्यानं त्याच्या परीनं उपाय सुरू केले. थर्मोस्टॅट वाढव, कमी कर, पुन्हा वाढव. मी ओरडायची, "अरे, त्याला घाई चालत नाही!" तो ओरडायचा, "मग काय बाळाला सांगू, थांब, घाई करू नकोस म्हणून?" एके दिवशी बाहेरच्या डब्यातून पांढरा धूर निघताना आईनं पाहिला आणि ती चपला न घालताच धावत आली. "जळालं! जळालं ते!" मी म्हटलं, जळालं नाही, गारठ्यानं त्याच्यावर बर्फ साठतो, तो ते यंत्र स्वतःच वितळवतंय, ती वाफ आहे. आई म्हणाली, "वा! म्हणजे आता त्यालेच थंडी वाजून राहिली. अन् ते आपल्याले गरम करणार."

मी हात टेकले.

त्या आठवड्यात इथल्या रिवाजाप्रमाणे नर्स घरी येऊन बाळाचं वजन करून गेली. वजन वाढलं नव्हतं. कमीही झालं नव्हतं, नर्सनं तेही दोनदा सांगितलं, पण आम्हा तिघांना ऐकू गेलं ते एवढंच, की वाढलं नाही. नर्स म्हणाली, पुढच्या आठवड्यात पुन्हा बघू, तोवर दूध जरा जास्त वेळा द्या, बाळाला छातीशी धरून ठेवा.

ती गेल्यावर नवऱ्यानं फोन लावला. त्याचा एक मित्र डब्लिनला चेरीवूडजवळ नव्या फ्लॅटमध्ये राहतो. ते लोक ख्रिसमसला पुण्याला निघाले होते. फ्लॅट रिकामा, नवा कोरा, भिंती जाड, हिवाळ्यातही बनियनवर राहावं इतका गरम. मित्र म्हणाला, अरे, आजच्या आज या.

"शनिवारी निघू," नवरा म्हणाला. "आई, तुम्हीही चला. सव्वा महिना तिथेच करू."

"मी येणार नाही," मी म्हटलं.

"का? यंत्राची इज्जत जाईल म्हणून?"

हे मला फार लागलं. कारण त्यात थोडं खरं होतं, पण सगळं नव्हतं. माझ्या बाळाला पहिल्या महिन्यात त्याच्या घरातून उचलून दुसऱ्याच्या बिछान्यात नेऊन ठेवायचं, मोटारीत बसवून एवढ्या लांब, टाके दुखत असताना, आणि लोकांच्या न्हाणीत त्यांच्या टॉवेलांच्या मधे बसून... मला रडूच फुटलं. बाळंतपणात रडायला कारण लागत नाही, पण मला ते होतं. मला माझं घर हवं होतं. ते घर माझ्या बाळाला पोसू शकत नाही, हे मला सहन होत नव्हतं.

आईनं आम्हा दोघांकडे पाहिलं. ती शाळेत शिक्षिका होती, वर्गात भांडण झालं की ज्या आवाजात बोलायची त्या आवाजात म्हणाली, "शनिवारी नाही. नर्स पुन्हा येईल, वजन करील. वाढलं तर इथं. नाही वाढलं, तर मीच हिले उचलून गाडीत घालीन. आता दोघंही गप ऱ्हा."

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी घालता घालता ती एकदम थांबली.

"एक सांगू का? तुह्या यंत्राले तुही आंघोळ आवडत नाही."

"काहीही काय, आई!"

"काहीही नाही. मी रोज पाहून राहिली. उठते तेव्हा त्या रेडिएटरले हात लावते, तो कोमट राहते. तुले पाणी घालून येते, तेव्हा पार थंडगार. रोज. एकही दिवस चुकला नाही. आन् बाहेर ते घोंघों करून राहिलं असते."

मी ओल्या केसांनी तशीच उठले. टॉवेल गुंडाळला, रेडिएटरला हात लावला. गार! भिंतीला कान लावला. बाहेर पंखा जिवाच्या आकांतानं फिरत होता. एवढा जोर लावतोय आणि रेडिएटर गार? मग ती ऊब जातेय कुठे?

आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अगं बाई! हे मला माहीत होतं. बसवणाऱ्यानं सांगितलं होतं, मी स्वतः वाचलं होतं. ते यंत्र एका वेळी एकच काम करतं. टाकीतलं पाणी संपलं, की आधी टाकी भरून तापवतं, आणि तोवर रेडिएटरकडे पाठ फिरवतं. आम्ही दोघं शॉवर घ्यायचो तेव्हा टाकी कधी रिकामी व्हायचीच नाही, त्यामुळे कळलंच नव्हतं. आता रोज सकाळी, दिवसातल्या सगळ्यात गार वेळी, माझी आई आख्खी टाकी माझ्या पाठीवर रिकामी करत होती. गार पाणी मिसळायचं नाही म्हटल्यावर उरणार काय? मग ते बिचारं पुढचा कितीतरी वेळ टाकीच तापवत बसायचं, आणि नेमकं तेव्हाच आम्ही ओलं बाळ घेऊन खोलीत.

मी आईला हे सगळं नीट समजावलं. म्हटलं, "म्हणजे बघ, आपण गरम पाणी जितकं वापरू, तितका वेळ घराला ऊब मिळत नाही."

आई माझ्याकडे बघत राहिली. "मंग मीच लेकराची ऊब सांडून राहिली होती का?"

"तसं नाही गं."

"तसंच हाये."

"आई, वेडेपणा करू नकोस. वेळ बदलली की झालं. दुपारी घालूया पाणी. दुपारी बाहेर जरा ऊन असतं, यंत्राचंही काम हलकं होतं, आणि घर तोवर चांगलं तापलेलं असतं. तासभर रेडिएटर बंद राहिले तरी कळणारसुद्धा नाही."

"बाळंतिणीनं दुपारी न्हायचं? पारोश्या अंगानं बसायचं दुपारपर्यंत?" तिला ते मनापासून पटत नव्हतं, तोंडावर दिसत होतं. पण तरी ती म्हणाली, "चालेल. घरालेही सांभाळून घेतलं पाहिजे. तेही आता बाळंत झालं आपल्यासंगं."

त्या दिवसापासून दुपारी आंघोळ. नवऱ्यानं थर्मोस्टॅटला हात लावायचा नाही, अशी त्याला शपथ घातली. आणि घर हळूहळू, एक-दोन दिवसांत, पुन्हा पहिल्यासारखं झालं. सकाळी उठलं की खोली उबदार. आई दुपटी रेडिएटरवर पसरून ठेवायची. कोमट रेडिएटरवर ती सुकायला वेळ लागे, पण सुकत. ती बाळाच्या अंगावरचं एक दुपटं आपणहून कमी करायला लागली. मला ओरडायची, "झोप, झोप, मी पाहते," आणि बाळाला छातीशी घेऊन घरभर फिरायची, त्याला अमरावतीच्या गोष्टी सांगत. माझं तिच्याकडे लक्ष होतं असं म्हणवत नाही. बाळंतीण स्वतःपलीकडे आणि बाळापलीकडे काही बघत नाही. ती आंघोळ कधी करायची, जेवायची कधी, मी विचारलं नाही. ती आमच्या आधी उठायची, आम्ही उठेपर्यंत तिचं सगळं आवरलेलं असायचं.

नर्स आली त्या दिवशी कुणाला नाश्ता गेला नाही. तिनं बाळाचे कपडे उतरवले, काट्यावर ठेवलं. नवरा खिडकीतून बाहेर बघत उभा होता, त्याला बघवत नव्हतं. मी आईचा पदर धरला होता. नर्सनं आकडा पाहिला, मागच्या वेळचा पाहिला, आणि हसली.

"ग्रँड," ती म्हणाली. आणि मग आमच्या तोंडांकडे बघून पुन्हा नीट, मोकळं बोलली, "अहो, छान वाढलंय! मस्त वाढलंय बाळ. जे करताय तेच करत राहा."

नवऱ्यानं तिथल्या तिथे मित्राला फोन करून सांगितलं की येत नाही. मी रडत होते, हसत होते, दोन्ही. आईनं बाळाला उचललं आणि त्याच्या कपाळाला कपाळ लावलं. नर्सनं कौतुकानं आईचे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाली, "हे सगळं आजीचं काम." मग तिचा चेहरा बदलला. "अहो, तुमचे हात किती गार आहेत! बर्फ झालेत अगदी. तुम्हाला बरं नाहीये का?"

आईनं हात काढून घेतले. "आय अॅम ग्रँड," ती म्हणाली. नर्स गेली, मी दार लावलं. मग आईचा हात धरला. खरंच गार. नखं निळसर. केसांची टोकं ओली. घर तर छान तापलेलं होतं.

"आई, तू आंघोळ कशानं करतेस?"

"पाण्यानं. कशानं करतात?"

"गरम पाण्यानं?"

ती पदराचं टोक चाचपडत राहिली.

"आई, तू गार पाण्यानं आंघोळ करतेस? इथल्या डिसेंबरात?"

"ओरडू नको, लेकरू उठीन. त्यात काय झालं? तूच म्हटली ना, गरम पाणी जितकं वापरू तितकी ऊब कमी. मले काय करायचं हाये गरम पाणी! मी काय बाळंतीण हाये का?"

त्या दिवसापासून. मी समजावलं त्या दिवसापासून, रोज पहाटे, आम्ही उठायच्या आत, दारं बंद करून, या देशातल्या नळाच्या पाण्यानं, ज्यात मी भाजीसुद्धा हातमोजे घालून धुते. गुडघे दुखतात म्हणून अमरावतीत मे महिन्यातसुद्धा जी गरम पाणी घेते, ती. मला इतका राग आला, इतका राग आला! तिचा राग, माझा राग, त्या यंत्राचा राग. "तू मेली असतीस तर?" मी म्हटलं, आणि तिच्या खांद्यावर डोकं ठेवून लहान मुलासारखी रडले. ती माझी पाठ थोपटत राहिली, त्या गार हातानं.

मग मी बाळाला नवऱ्याच्या छातीवर ठेवलं आणि आईला हाताला धरून न्हाणीघरात नेलं. ती म्हणत होती, आज कायले, उद्या करीन, आता थोड्या वेळानं तुह्या पाण्याची वेळ होईन. मी ऐकलं नाही. तिळाचं तेल कोमट केलं. तिला स्टुलावर बसवलं आणि तिची पाठ चोळली. मला तिच्यासारखं जमत नाही, माझ्या अंगठ्यात जोर नाही. तिची पाठ इतकी लहान झाली आहे हे मला माहीत नव्हतं. मग नळ सोडला, बादली भरली, गार पाण्याचा थेंबही मिसळला नाही, आणि तिच्या खांद्यांवर पहिला तांब्या ओतला. ती शहारली आणि तिनं डोळे मिटले.

"बस झालं," दोन तांब्यांनंतर म्हणाली. "घर थंडं होईल."

"होऊ दे."

"लेकरू..."

"लेकरू बापाच्या छातीवर आहे. त्याचं वजन वाढलंय. गप बस."

बाहेर यंत्र घोंघों करायला लागलं होतं. मी ओतत राहिले. मग ती माझ्याकडे न बघता, हळू आवाजात म्हणाली, "तुह्या वेळी माह्या आईनं घातलं होतं असं पाणी. त्यानंतर कोणी नाही घातलं."

बादली संपत आली होती. मी विचारलं, "पुरे?"

तिनं मान खाली घातली, पाठ माझ्याकडे केली, आणि म्हणाली, "अजून एक भर."